मूय

होंड्याच्या शाळेत दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसतात,
मधे कपाट. त्याची एक चावी माझ्याकडे,
दुसरी देवाकडे.

जून सरता सरता फॉर्म आला.
रकाना सातवा: मातृभाषा. एकच शब्द लिहावा.
मागच्या वर्षी पहिल्या नावापुढे 'मराठी' लिहिलं
आणि खाली दोन-दोन टिंबं देत गेले,
दीपेश घर्तीच्या नावापुढेसुद्धा,
ज्याचा बाप रोलिंग मिलच्या फाटकावर
रात्रभर नेपाळीत जागतो.
टिंबांचं काय, ती कुणाचीही होतात.

मी तरी कुठे सरळ?
घरी कोंकणीत रागावते, शाळेत मराठीत समजावते,
मनातला हिशेब कुठल्या भाषेत होतो
ते मला अजून पकडता आलेलं नाही.
आणि महिनाअखेर ज्याची वाट बघते तो पगार,
तो शब्दच गलबतातून उतरलेला.
चावीही. पावही.
सत्यवती दुपारी पाव-भाजीचा डबा आणते
तेव्हा कुणी विचारत नाही
हा पाव कुठल्या गावचा.

फूलमनी टूटी शाळेत आल्यापासून बोलली नव्हती.
हजेरीला हात वर, तहान लागली तरी हात वर.
खुंटीकडची, झारखंडातली. बाप भट्टीवर.
तिच्यापुढे मी 'हिंदी' लिहिणार होते.
'ह' लिहून झालाही होता,
तेवढ्यात कपाटाखालून रांग निघाली.

'पुस्तकं मिटा,' म्हटलं,
'हिला तुमच्या घरी काय म्हणतात?'
खरं सांगायचं तर घसा बसला होता,
मला धडा टाळायचा होता.

'कमिला,' दीपेश म्हणाला.
तिसरीत एक कमला आहे, ती रुसली.
'कीडी,' लच्छी राठोड, आणि घाईघाईने,
'कीड नाही हां टीचर, कीडी.'
जानू झोरे म्हणाला, आमच्यात मुंगीच,
आणि ओशाळला,
घरून काहीच न आणल्यासारखा.
वेदश्री गावस म्हणाली, 'मूय.'

आणि मागून, खिडकीखालून,
घोगरा, न वापरलेला आवाज:
'मुई.'

वेदश्री गर्रकन वळली.
'टीचर, ती आमची भास उलयता!'
फूलमनी मान हलवत राहिली, नाही, नाही,
बोट जमिनीकडे, मग स्वतःच्या छातीवर,
'मुई. हमारा.'
'आमची!'
'हमारा!'
पेन्सिलीवरून भांडावं तशा भांडल्या
एका मुंगीवरून.
मी सोडवायला गेले नाही.

खुंटी कुठे, सत्तरी कुठे,
मधे एवढा देश आडवा पसरलेला.
कोण कुठून चालत गेलं,
की नुसताच योगायोग?
'मला ठाऊक नाही,' म्हटलं.
टीचरला ठाऊक नाही, हे ऐकायला
तिसरी कपाटाच्या दोन्ही बाजूंनी डोकावली.

जेवणाच्या सुट्टीत दोघींनी
पावाचा चुरा टाकत टाकत रांग पायरीपर्यंत नेली.
बोट दाखवायचं आणि विचारायचं.
पाणी: ही म्हणे उदक, ती म्हणे दा.
पुढे एकही जुळेना.
जुळेना म्हणून आणखी विचारत होत्या.

संध्याकाळी तिच्या बापाला गाठून विचारलं,
आणि त्या 'ह'पुढेच लिहिलं, मुंडारी.
खोडायचं राहून गेलं.
शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं.

आठ दिवसांनी कचेरीतून फोन:
'बाई, हमुंडारी ही कुठली भाषा?
यादीत दिसत नाही. "इतर" टाकू?'

मी खिडकीतून बघत होते.
पटांगणात लाल चिखल, त्यात चार पाय,
दोघी दगडापाशी पोचल्या होत्या
आणि दगडाला काय म्हणायचं
यावर बराच वेळ अडल्या होत्या.

'थांबा जरा,' मी म्हटलं.