खिशात गेलेलं मुंडकं

मुलांच्या वॉर्डाचं छत गळायला लागलं
म्हणून मला खाली पाठवलं, पुरुषांच्या वॉर्डात.
अंगावर तोच झगा: निळ्या कापडावर पिवळी बदकं,
एकामागं एक, शाळेला निघाल्यासारखी.
जालन्याच्या बाजारात पडद्याच्या कापडाचा
उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला होता.
वरच्या मजल्यावर सुई टोचताना तेवढीच मदत.
"बदकं मोज" म्हणायचं
आणि पाचाच्या आत काम उरकायचं.

खाली कुणी मोजत नाही.
खाली अकरा नंबरला वाघमोडे जमादार,
तीस वर्षं खाकी घातलेले.
मी त्यांची लघवीची पिशवी बदलत होते,
तेव्हा छताकडं बघत म्हणाले,
"मला काय लेकरू समजायलीस का?"
नाही बाबा, मी म्हणाले.
"मग हे काय घालून आलीस?"

उत्तर होतं माझ्याकडं. प्रसन्न वाटतं, वगैरे.
ते घशातच राहिलं, कारण पिशवी हातात होती,
अजून कोमट,
आणि त्यांच्या कमरेला लंगोट आम्हीच बांधलेलं.
चमच्यानं पेज. आ करा. शाब्बास.
एवढं सगळं त्यांनी निमूट गिळलं होतं.
बदकावर येऊन अडले.
कुठंतरी अडायलाच पाहिजे माणसानं.

मिसाळ मेट्रनबाईंनी लेखी खुलासा मागितला, तीन दिवसांत.
हरिदास वॉर्डबॉय म्हणाला, राहू द्या की,
पांढरं दिसलं की म्हाताऱ्यांना भलतंच आठवतं.
सात नंबरच्या नातवाला विचारलं, तर तो म्हणाला,
कपड्याचं सोडा, डॉक्टर कधी येणार?

दुसऱ्या दिवशी अकराजवळ जाण्याआधी
मी झगा उलटा करून घातला. शिवणी बाहेर.
बदकं फिकी झाली, पण गेली नाहीत,
धुक्यातून चालल्यासारखी दिसत राहिली.
जमादारांनी बघितलं. काही बोलले नाहीत.

पुढं नऊ नंबर. खय्यूम मास्तर, परतूरचे, शिलाईचं दुकान.
उजवा हात गेलेला, तोंड वाकडं,
चार दिवसांत एक शब्द नाही.
त्यांच्या पलंगाशी उभी राहून झगा सुलटा करत होते,
तर ते बघत राहिले. बघतच राहिले.
मग ओल्या, जड जिभेनं:
"कुणी शिवलं?"
मीच, मास्तर.
"खिशापाशी डिझाइन जुळवली नाही.
एका बदकाचं मुंडकं खिशात गेलंय."

मी खाली पाहिलं. दोन वर्षं घालत होते.
वरच्या लेकरांनी किती वेळा मोजली असतील ही बदकं,
हे मुंडकं नसलेलं कुणी धरलं,
कुणी सोडून दिलं, कोण जाणे.

रात्रपाळीला, दोनच्या सुमाराला,
मास्तरांच्या पायांवर झगा पसरून
टाके काढायच्या कात्रीनं मी खिसा उसवला.
आत खरंच होतं, डोळ्यासकट.
मास्तर डाव्या बोटानं रेघ दाखवत होते.
बोट कापत होतं, रेघ नाही.
"अजून. नाही, खाली. चोच चोचीवर आण."
पलीकडून, डोळे मिटलेले, जमादार:
"डावीकडं घे थोडं. तिरकं व्हायलंय."
झोपा तुम्ही, मी म्हणाले.
"झोपू देता व्हय तुम्ही लोक."

खुलासा अजून दिलेला नाही.
कागद औषधाच्या ट्रेखाली आहे,
विषय: गणवेशाबाबत, एवढंच लिहिलेला.
आता अकराजवळ जाताना झगा काढून खुर्चीवर ठेवते,
साध्या पांढऱ्या कुर्त्यात त्यांचं अंग पुसते,
आणि "शाब्बास" म्हणत नाही.
नऊजवळ जाताना परत घालते,
खिसा नजरेसमोर येईल अशी उभी राहते.
मास्तर रोज तपासतात.
काल म्हणाले,
धागा पिवळा घ्यायला पाहिजे होता.