बद्द

पाथर्डी फाटा, सातवा मजला.
काठीनं एकेक फरशी वाजवत जातो:
टण्, टण्, टण्,
बाल्कनीच्या दाराशी – बद्द.
खाली माल नाही, नुसती हवा.

बिल्डरचा माणूस म्हणतो, एवढं चालतंय.
मी खडूनं फुली मारतो.
मोरीतलं पाणी जाळी सोडून उंबऱ्याकडे निघालंय.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर,
नखही शिरत नाही; तरी फोटो, तारीख.

थेटेबाई फुल्या मोजत मागून येतात.
"सव्वीस वर्षं भाड्याच्या खोलीत
गळतीखाली पातेलं ठेवलं. सवय आहे.
पण तुम्ही लिहा."

मग काठी मागून घेतात,
ओट्यामागची भिंत ठोकतात. कान लावतात.
"ही?"
भरीव आहे, मी म्हणतो.

अहवालात त्याला रकाना नाही.
समासात लिहितो.