उतराई

सुनिल्दा अकरा मिनिटं मेली होती.
तिरुआच्या दवाखान्यातल्या पोरानं वहीत तसं लिहिलंय,
खाली सही, शिक्का.

कोचायुयो कापायला खडकावर उतरली होती.
कमरेला दोर, दुसरं टोक माझ्या हातात.
लाट मी पाहिली. तिनं नाही,
ती एका चिवट देठाशी भांडत होती.

शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द: पीठ.
पाणी नाही, माझं नाव नाही. पीठ.

बाकीचं तीन दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी.
उजेडबिजेड काही नव्हता म्हणाली, संध्याकाळ होती,
मोचा बेट रोजच्यापेक्षा जवळ,
चुलींचा धूर मोजता यावा इतकं.
आणि पाण्यात चार म्हाताऱ्या,
गळ्यापर्यंत बाया, खाली देवमासे.
आमच्यात मेलेल्याला त्याच नेतात, पाठीवरून,
निळ्या खड्याच्या भाड्यावर.

चौथी निघाली एर्मेलिंदा मावशी.
दोन हिवाळ्यांमागे वारलेली,
आमचं पोतंभर पीठ देणं ठेवून.
ओळख न दाखवता म्हणाली, "भाडं?"
"पिठातून वळतं कर," आमची बया म्हणाली.
मावशी हसली, डोक्यातून कारंजं उडालं.
"तो हिशोब त्या काठाचा, पोरी.
इथं खडा लागतो."
आणि शेपटीनं दिलं ढकलून.

दोर मी ओढला होता. तळव्यांची सालटी गेली होती.
मी मध्ये बोललो नाही.

तेव्हापासून ओहोटी लागली की ती किनारा चाळते.
हिरवट निळा, वाटाण्याएवढा एखादा सापडला
की फळीवरच्या चहाच्या डब्यात टाकते.
टण्.
तिला वाटतं, मी झोपलोय.

मग मी उठतो.
खडा काढतो, अनवाणी खाली जातो,
भिरकावतो, जमेल तितका लांब.
समुद्र तो कधी ना कधी परत आणणार, ठाऊक आहे,
पण त्यालाही वेळ लागतो.
चार वर्षं झाली. खांदा धरलाय.

परवा डब्यात हात घातला तर तळाशी काही मऊ.
अंधारात कळलं नाही.
सकाळी पाहतो, बाही कोपरापर्यंत पिठानं पांढरी.

सुनिल्दा पाव कापत होती.
माझ्या हाताकडे पाहिलं, मग पावाकडे.
कमरेला दोर बांधला,
टोक माझ्या त्याच हातात दिलं.
"चल," म्हणाली, "पाणी उतरलंय."