बंदर

विदिनच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटामागे
गुरुवारी तीन ते सहा मी बसतो.
पैसे घेत नाही. कुणी अक्रोड आणतं,
कुणी नुसतीच तक्रार.

टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं तारा जोडल्या.
आता खिशात एक पेनड्राइव्ह,
त्यात फुकटची चार-पाच अवजारं:
एक जंतू हुडकणारं,
एक डिस्कची नाडी बघणारं,
एक सांगणारं, की विंडोज सकाळी उठते तेव्हा
तिच्या पदराला लटकून कोण कोण उठतं.

आज स्तानिमीराबाई आल्या.
लॅपटॉप भाजीच्या पिशवीत, वर कांद्याची पात.
"हळू झालाय," म्हणाल्या, "माझ्यासारखा."
चालू व्हायला अकरा मिनिटं.
तेवढ्यात खिडकीतून कोळशाचा एक पडाव आला,
डॅन्यूबच्या वळणाआड गेलासुद्धा.

आत पाहतो तर नऊ रखवालदार!
नऊही फुकट, नऊही हिरव्या ढालीचे,
एकमेकांनाच चोर समजून
रात्रंदिवस दंडुके आपटणारे.
"जो जो म्हणाला धोका आहे,
त्याला घेतला आत," बाई म्हणाल्या.
नवांनाही निरोप दिला.
घरचा पहारेकरी कोपऱ्यात पडून होता,
कुणी न विचारलेला. त्याला जागं केलं.
अपडेट चौदा महिन्यांचे थकलेले.
तात्पुरत्या फायली बारा जीबी.
तात्पुरतं म्हणून किती साठतं माणसाकडे.

मग जोडण्यांची यादी काढली,
आणि एक ओळ हलेना.
वाचनालयाचं वायफाय लागल्यापासून
कुणीतरी दुरून आत येऊन बसलं होतं,
आम्ही बोलत होतो तेव्हाही.

"ही वाट कुणाची, बाई?"
त्यांनी पातीची टोकं सरळ केली.
"बँकेतला मुलगा आहे.
म्हणजे बँकेतला नाही, कळलंय मला.
मंगळवारी फोन करतो.
आधी पासवर्ड विचारायचा.
खात्यात सत्तर लेव बघितले आणि थांबला.
आता गुडघा विचारतो."

यावर काय बोलायचं?
याच बाईंनी कलाफातच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर
सव्वीस वर्षं तिकिटं तपासली.
तिकिटाशिवाय एक कोंबडी पलीकडे गेली नाही,
असं अजून सांगतात गावात.
मग पूल झाला. बोट गेली.
त्यांच्या खिडकीला फळी ठोकली.

"पोर्ट बंद करावं लागेल," मी म्हटलं.
आमच्या धंद्यातही त्याला बंदरच म्हणतात.
"त्याला कळेल?"
"जोडणी तुटली, एवढं कळेल."
"कुणी तोडली, ते?"
"ते नाही."

बाईंनी माउस माझ्या हातातून घेतला.
"त्याला हा पडदा दिसतो ना?"
नोटपॅड उघडून मागितलं,
आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, लिहिलं:
गुडघा बरा आहे. शेवटची बोट सुटते आहे.

आम्ही थांबलो.
बाण जरासा हलला.
माउसवर कुणाचाच हात नव्हता.
त्या वाक्याखालून तो सावकाश फिरला,
वाचताना बोट फिरतं तसा,
आणि पूर्णविरामापाशी थांबला.

बाईंनी 'काढून टाका' दाबलं.
"खात्री आहे?" विंडोजनं विचारलं.
पुन्हा दाबलं.

पासवर्ड सगळे नवे केले, कागदावर लिहिले,
कागद त्यांनी पाकिटात न ठेवता मोज्यात ठेवला.
"किती झाले?"
"फुकट."
बाई माझ्याकडे पाहत राहिल्या.
"तोही असंच म्हणाला होता."
पातीची अर्धी जुडी टेबलावर ठेवून गेल्या.

मंगळवारी वाचनालय बंद असतं.
दुपारभर मी घरी उगाच स्क्रू निवडत बसलो,
मग फोन उचलला.
"गुडघा कसा आहे?"
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर,
तीस वर्षं ऐकलेली, ओळखीची.
मग बाईंचा आवाज, धक्क्यावरच्या खिडकीतला,
कोरडा, ताठ:
"आधी सांगा, कोण बोलतंय?"