दोन बोटं माया

नजरबाग मार्केटातलं हे सातवं दुकान.
सहाव्याच्या पायरीवर वल्लरी बसूनच राहिली होती,
चपलेचा पट्टा सोडत, पुन्हा लावत.
हिची बदली शिवपुरीला. फोनवर आलेली यादी:
रविवारी मुंज आहे, चांगलं काही घे,
बाही कोपरापर्यंत, अस्तर सुती,
गुडघ्याच्या खाली, आणि टोचणारं नको.
मी एजी ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासतो,
यादी हातात असली की धीर येतो.

दुकानदार फ्रॉकांचं गाठोडंच सोडतो.
खांदे कापलेले, पाठीला नुसत्या दोऱ्या,
छातीवर चमकीने काहीतरी लिहिलेलं
जे मला मुलीसमोर वाचायचं नव्हतं
आणि तिने आधीच वाचलं होतं.
नऊ वर्षांच्या मापात
विशीतल्या बाईचे कपडे,
कुणी धुवून आटवल्यासारखे.

मला म्हणायचं होतं, सोज्वळ.
हिंदीत शब्द सापडेना. म्हणालो, सिंपल.
त्याने ऐकलं, सस्ता,
आणि खालच्या कप्प्यातून एक पिवळा काढला,
ज्याचा रंग माझ्या बोटाला लागला.
"आजकल बच्चियाँ यही पहनती हैं, भाईसाहब."
खोटं बोलत नव्हता तो.
तेच तर.

मग एक निघाला, बंद गळ्याचा.
यादीतल्या सगळ्या ओळी पास.
मी पाकीट काढलं.
वल्लरीने तो कपड्यांवरूनच चढवला,
हात वर केले, उकिडवी बसली, उठली.
"ह्यात दांडीला उलटं लटकता येणार नाही."
मग कमरेशी चाचपत,
"आणि खिसा खोटा आहे."
खरंच. वर झाकण, खाली नुसती शिवण.
अठरा वर्षं व्हाउचरं तपासतोय मी,
आणि हे सुटलं.

सात दुकानं मी फ्रॉक बाहेरून बघत होतो,
मुंजीला येणाऱ्या काकूंच्या डोळ्यांनी.
ती आत शिरून बघत होती.

दौलतगंजात कापड घेतलं,
जांभळाच्या रंगाचं, दोन मीटर,
सेठ म्हणाला, धुवाल तसं मऊ होत जाईल.
शेजारच्या बोळात अख्तर मास्टर.
वल्लरी ताठ उभी, श्वास धरून.
त्यांनी टेप तिच्याच हातात दिला,
"तुम पकड़ो बेटा, मैं पढ़ूँगा."
आणि ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.
खिसा किती खोल हवा, हे तिने
मनगट दाखवून सांगितलं.

निघताना मी म्हणालो,
"मास्टर, थोडी माया रखना. दो उँगल."
कात्री थांबली. चष्म्यावरून बघत राहिले.
"माया? माया तो बाबूजी, सब सेठ लोग ले गए."
मी माझ्याच शर्टाची शिवण उलटून दाखवली.
"अच्छा! दाब. दाब बोलिए ना."

पाटणकर बाजारापर्यंत मी तेच घोळवत होतो.
ते म्हणतात दाब, आपण म्हणतो माया.
कापड तेच, दोन बोटं,
आत दुमडलेलं,
बाहेरून कुणाला न दिसणारं.

मुंजीत काकूंनी विचारलं, कुठून घेतला गं.
वल्लरीला ऐकू गेलं नाही.
ती मांडवाच्या बांबूला लोंबकळत होती,
खिशातून अक्षता, बडीशेप आणि कुणाचं तरी
अर्धं पेन खाली सांडत होतं.
हिने माझ्याकडे पाहिलं.
मी बुंदीकडे पाहिलं.

आता जानेवारी. मेळा लागलाय.
हिने काल खालून एक बोट उसवलं.
जुन्या घडीची रेघ उमटली आहे,
तिच्या वर विटकं जांभळं, खाली
दुकानातल्यासारखं कोरं.
ही म्हणाली, रेघेवर लेस लावू, झाकेल.
वल्लरी म्हणते, राहू दे,
तिथपर्यंत मी गेल्या वर्षी होते.
खिसा मात्र फाटलाय.
तो आधी शिवा.