निळीची नदी

शहापूरच्या घरातल्या माळ्यावरून उतरवली तेव्हा
टेकडी नंबर तीन पोकळ वाजली.
वाळवीनं प्लायवुड खाल्लेलं, रंग तेवढा शिल्लक ठेवलेला.
किल्ल्याच्या बुरुजात पालीची दोन टरफलं,
संसार कधीच हललेला.
बाकी सगळं जागेवर:
सहा फूट बाय चार फुटांचा मुलूख,
चार तुकड्यांत, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला,
ब्याण्णवच्या मे महिन्यापासून.

विरूपाक्ष बडिगेर आणि मी
उद्यमबागच्या फौंड्रीत पॅटर्न शॉपला होतो.
दिवसभर पंपाच्या पोटाचे लाकडी साचे,
रात्री त्याच सागाच्या भुश्शाला हिरवा रंग चोळून
गवत.
मोल्डिंगची काळी वाळू चाळून रस्ते.
तारेवर काथ्या पिळला की झाड.
सैनिक शिशाचे, आम्हीच ओतलेले,
निम्म्यांच्या नाकात बुडबुडे.
रविवारी कॅम्पातला आंतोन यायचा,
शिंप्याच्या टेपनं इंच इंच मोजायचा,
फासे टाकण्याआधी छातीवर क्रूस काढायचा
आणि हरायचा.

आता हातात ब्लेड घेऊन सुटलेलं प्लास्टर टोकरतोय.
टेकडीची साल निघाली तसा आतला कागद दिसला,
खळीत भिजवून थरावर थर चिकटवलेली वर्तमानपत्रं,
एक थर माझ्या घरचा, एक त्याच्या.
‘एक दिवसाआड पाणी’ मधला ‘णी’ उचलला
तर त्याच्या पाठीला चिकटून
एक गोल कन्नड अक्षर वर आलं.
थोडा वेळ वेगळं करून पाहिलं,
खळ कुठवर मुरलीय ते बघायला.
मग तसंच दाबलं,
वरून पातळ फेविकॉल सोडला.

भाचा ओजस म्हणतो, मामा, टाकून दे हे,
पुण्याहून नवं मागवू, थ्रीडी प्रिंट,
दगडन्‌दगड कोरलेला, धुता येतो.
होय की, म्हटलं. धुता येतो.
पुलाच्या कमानीखाली एक अंगठा उमटलाय
ओल्या पीओपीत, उजवा,
मधोमध आडवी खाच: बँडसॉनं दिलेली,
सात टाके पडलेले, मीच सायकलवरून नेलेला.
पुट्टी भरली तर कमान गुळगुळीत होईल.
पुट्टी कालवली.
ती वाटीतच वाळली.

नदीवरून मात्र आमचं भांडण जुनं.
त्यानं ती इतकी निळी केली होती
की घोडदळ उतरलं तर वाटावं, शाईत पडलं.
मी म्हणायचो, श्रावणात मार्कंडेय बघून ये एकदा,
चहासारखी असते.
तो म्हणायचा, तुझी नदी तू कर.
आता तो धारवाडला, दोन्ही गुडघे बदलून,
आणि ब्रश माझ्याकडे.
तेहतीस वर्षांनी मी नदी तपकिरी केली.
हात थरथरला नाही. बरं वाटलं, खोटं का बोलू.

सकाळी काठाकाठानं निळं वर आलेलं.
दुसरा हात दिला. संध्याकाळी पुन्हा तेच.
शेवटी फोन लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी, मग तो: हेळप्पा.
मी विचारलं, कुठल्या कंपनीचा रंग होता रे तो?
“रंग? पैसे होते काय आपल्याकडे?
अव्वाची कापडाची नीळ होती ती, सगळी पुडी ओतली.
मार खाल्ला त्यासाठी.
नीळ ती. दाबून बसायची नाही बघ.”
हसला, खोकला,
आणि विचारलं, “पूल राहिलाय काय?”

राहिलाय, म्हटलं.

तिसरा हात तरीही दिला. हट्ट माझाही आहे.
रविवारी आंतोनचा मुलगा टेप घेऊन येतोय,
शिशाची चौदा माणसं खिडकीत उन्हाला ठेवलीत,
नाकं तशीच.
टेबलावर नदी वाळतेय,
मधोमध चहा,
आणि कडेनं, अजून हळूहळू पसरत,
विरूपाक्षच्या आईच्या धुण्याचं पाणी.