खरखर

आठवडाभर मी लोकांच्या कानांतली खरखर काढते.
रॉदरहॅमच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
भिंगाखाली नखाएवढी यंत्रं उघडायची,
मळ पुसायचा, सुटलेली तार जोडायची,
शिट्टी मारणाऱ्याला गप्प करायचं.
एकोणीस वर्षं.
आणि आज शनिवारी, पाकिटात एकशे चाळीस पौंड घेऊन
मी खरखर विकत घ्यायला निघालेय.

पुलाखालचं दुकान. दार जरा उचलून ढकलावं लागतं.
"अगं, तू!" क्लाइव्ह म्हणाला.
त्याच्या डाव्या कानात माझंच काम बसलेलं.
पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली त्यानं,
वरचे सूर तिथंच भट्टीत गेले.
"मुलासाठी?"
"नाही."
"नवऱ्यासाठी?"
"त्याला फक्त बातम्या ऐकू येतात. मला हवीय. रॉकसाठी."
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला
आणि पुढे काही विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण.

पहिली लाल. वरमाईसारखी, दुरूनच चमकणारी.
तिचा दांडा दाबला की सूर लाटेसारखे हलतात
आणि परत जागेवर येत नाहीत.
"स्वस्तातलीला हा दांडा नकोच," तो म्हणाला,
"वाजवशील कमी, सूर लावत बसशील जास्त."
दुसरी काळी, कोरी, एकशे एकोणनव्वद.
तिला मी हातच लावला नाही. हात लावला की मला आकडे दिसत नाहीत.

तिसरी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.
चहाच्या कपातल्या डागाच्या रंगाची.
पाठीवर कुणी किल्लीनं कोरलेलं: ट्रेसी, एक्याण्णव.
मडकं घेताना मारतात तशी टिचकी मारली.
मान डोळ्यासमोर धरून पाहिली,
सरळ, मध्ये केसभर खोल. तेवढी असावीच.
मग एकेक तार एकेका घरात दाबत गेले.
"कुठं झणझणते का तूच सांग," क्लाइव्ह म्हणाला,
"मला तेवढं वरचं येत नाही."
नवव्या घरात, जराशी. मी सांगितलं नाही.
नाही, सांगितलं. आपलाच पेशंट.

तारांखाली दोन पिकअप, म्हणजे तिचे कान.
मानेजवळचा जिवंत, घोडीजवळचा ठार.
"रॉकची सगळी धार त्या मेलेल्यातच," तो खरं तेच बोलला,
"म्हणून एकशे दहा."
मी झाकण उघडायला लावलं.
आत एक पांढरी तार डागातून निसटून
उसवलेल्या बटणासारखी लोंबत होती.
मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.
"ऐंशी."
"नव्वद."
"ऐंशी, आणि कानाच्या बॅटऱ्या वर्षभर मी आणून देईन."
"त्या तर फुकट मिळतात!"
"घरपोच नाही मिळत."
हसता हसता त्याचं यंत्र शिट्टी मारायला लागलं.

हत्ती घेतला की अंकुशही आलाच:
जुना ॲम्प पस्तीस, वायर आठ, तारांचा संच सात.
उरले दहा. बसचे, आणि चिप्सचे.

रात्री, कुकरची दुसरी शिट्टी होईपर्यंत
ओट्यावर काम झालंसुद्धा.
एक डाग. तीन सेकंद. राळेचा धूर.
वायर खोचली, बटण शेवटपर्यंत फिरवलं,
तर छेडण्याआधीच ती घुमायला लागली,
भिंतीतल्या विजेची तीच घूं
जी मी दिवसभर लोकांच्या कानांतून हाकलते.
राहू दिली.
मग दोन बोटं, दोन तारा. षड्ज आणि पंचम.
तंबोऱ्यातले तेच दोघं सज्जन,
फक्त इथं ते पिऊन आलेले.
चमच्यांचा स्टँड थरथरला.
श्रीरंगनं बातम्यांचा आवाज वाढवला.
मीही वाढवला.

पाच आठवड्यांनी मिसेस ॲकरॉइडच्या कानात साचा बसवत होते.
त्या अंग चोरून म्हणाल्या,
"किती खरखरीत झालीत गं तुझी बोटं."
"बागकाम," म्हटलं.
"डिसेंबरात?"